स्वीडनचे सालगडी आणि त्यांची पुस्तकं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागच्या महिन्यात स्वीडनच्या लेखकांवर अर्ध्या पानाचा लेख आला होता, तो मी वाचला, चष्मा पुसून परत वाचला, आणि तेव्हापासून त्यातली एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. लेखकाचं म्हणणं असं की स्वीडन हा पहिल्यापासूनच सुखी आणि श्रीमंत देश, तिथल्या लेखकांना पोटाची चिंता कधी नव्हतीच, म्हणून त्यांच्याकडे लिहायला थंडी, एकटेपणा आणि खून एवढंच आहे, आणि आपल्या मराठी वाचकाला त्यात स्वतःचं असं काही सापडणार नाही. मला हे अजिबात पटलं नाही. खरं सांगायचं तर वाईट वाटलं, कारण मला त्या लेखकांमध्ये माझं स्वतःचं घर सापडलंय, आणि ते कसं हे सांगायलाच हे पत्र लिहितोय. पत्र लांबणार आहे. जागा नसेल तर कापा, पण मधला बायकांवरचा भाग कापू नका ही विनंती.

मी हिंगोली जिल्ह्यातला. शाळेत शिक्षक होतो, आता रिटायर झालोय. आमचे दादा म्हणजे माझे वडील सालगडी होते, चार मालकांकडे मिळून 26 वर्षं त्यांनी साल धरलं. शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल म्हणून सांगतो, साल पाडव्याला ठरतं, मालक थोडी उचल देतो, काही पोती ज्वारी, एखादा कपड्याचा जोड, चपला, आणि त्याच्या बदल्यात वर्षभर माणूस त्याचा. बैलाचं चारापाणी, शेण, रात्रीचं पाणी देणं, राखण, सगळं त्यात आलं. आईचं नाव त्या बोलण्यात कुठंच नसायचं पण वाड्यावरचं दळण, सारवण आणि म्हशीची धार ती करायची, आणि त्याचा वेगळा पैसा नव्हता. ते "गड्याच्या बायकोचं काम" होतं.

आता स्वीडन. माझा भाचा गोथेनबर्गला नोकरीला आहे, त्याला मी एकदा फोनवर म्हणलं की अरे तिकडचं काहीतरी पुस्तक पाठव, पण नोबेलवाल्यांचं नको, ते इथं मिळतं, तिकडची लोकं ज्याला आपला म्हणतात असा कोणी असेल तर बघ. त्यानं ऑफिसातल्या एका वयस्कर बाईला विचारलं आणि एक जुनं, पिवळं पडलेलं इंग्रजी भाषांतर पाठवलं, 'ओन्ली अ मदर'. लेखक इव्हार लू-योहान्सन. मी हे नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं.

या माणसाचा जन्म 1901 चा, स्टॉकहोमच्या दक्षिणेला ओस्मो नावाच्या भागात. आई-वडील दोघंही 'स्टातारे'. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याचा अर्थ बघायला गेलो आणि जे वाचलं त्यानं अंगावर काटा आला. स्टातारे म्हणजे मोठ्या जमीनदाराच्या इस्टेटीवर एका वर्षाच्या करारानं राहणारा शेतमजूर, लग्न झालेला असला तर जास्त बरा, आणि त्याची मजुरी बहुतेक सगळी वस्तूंमध्ये. धान्य, दूध, बटाटे, जळण, आणि राहायला एका लांबलचक बराकीत एक खोली आणि स्वयंपाकघर. या वस्तूरूपातल्या मजुरीला 'स्टात' म्हणायचे, त्यावरूनच तो शब्द. वर्ष संपायचं ऑक्टोबरच्या शेवटी. वर्षातली एकच मोकळी आठवड्याभराची सुट्टी तेव्हाच मिळायची आणि त्याच आठवड्यात गाडीवर भांडीकुंडी, पोरं आणि गाद्या टाकून नव्या मालकाकडे जायचं. 18 व्या शतकात सुरू झालेली ही पद्धत 1945 पर्यंत चालली. म्हणजे आपण ज्याला सुखी श्रीमंत स्वीडन म्हणतो तिथे दुसरं महायुद्ध संपेपर्यंत माणसं साल धरत होती!

दादा तेव्हा हयात होते, वय 80 च्या पुढं. दुपारी बाजेवर पडल्या पडल्या मी त्यांना हे वाचून दाखवायचो, म्हणजे इंग्रजी डोळ्यांनी आणि मराठी तोंडानं असं. ते डोळे मिटून ऐकायचे, झोपलेत असं वाटायचं. एकदा मधेच म्हणले,
"त्याहिचं बी साल पाडव्यालाच बदलायचं का रं?"
मी म्हणलं, "नाही दादा, दिवाळीच्या आसपास."
"मंग थंडीत सामान हालवायचं? लेकराबाळायला घेऊन?"
"हो."
"आन् उचल?"
मी म्हणलं उचलीचं काही लिहिलेलं नाही, पण बहुतेक सगळं धान्यातच मिळायचं. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणले, "वाच म्होरं."

संपादक साहेब, माझ्या वडलांनी आयुष्यात मला "पुढं वाच" असं दुसऱ्या कुठल्याही पुस्तकासाठी म्हणलेलं नाही. ज्या लेखकानं हे घडवलं त्याच्यात मराठी वाचकाला स्वतःचं काही सापडणार नाही हे मी कसं मान्य करू?

आता तो बायकांचा भाग. 'ओन्ली अ मदर' ही कादंबरी स्वीडिशमध्ये 1939 ला आली, नाव 'बारा एन मूर', म्हणजे 'फक्त एक आई'. नायिका र्‍या-र्‍या नावाची स्टाताऱ्याची तरणी पोर. उन्हाळ्यात एके दिवशी फार उकडतं म्हणून ती कपडे काढून तळ्यात उतरते, पोहते. बास, एवढंच. पण लोक बघतात, बभ्रा होतो, ज्याच्याशी तिचं जमलेलं असतं तो तोंड फिरवतो, आणि ती मग रागाच्या आणि बदनामीच्या भरात तिला न आवडणाऱ्या माणसाशी लग्न करते. पुढचं सगळं पुस्तक म्हणजे एकामागून एक बाळंतपणं, एका इस्टेटीवरून दुसऱ्या इस्टेटीवर सामान हलवणं, धारा काढणं, आणि झिजत झिजत मरणं. एका आंघोळीची एवढी किंमत.

मग मी दुसरं पुस्तक मागवलं, मूआ मार्टिनसन या बाईंचं 'बायका आणि सफरचंदाची झाडं', ते 1933 चं. आणि काय आश्चर्य, त्याच्या सुरुवातीलाच परत आंघोळ! दोन गरीब बायका, जुन्या काळातल्या, दर आठवड्याला एकत्र येऊन पाणी तापवून मोठ्या टबात आंघोळ करतात, एकमेकींची पाठ चोळतात, बोलतात, आणि सगळ्या गावाला ते खुपतं. दोन वेगळे लेखक, एक पुरुष एक बाई, दोघंही गरिबीतून आलेले, आणि गरीब बाईचं जगणं सांगताना दोघांना आंघोळच आठवली. मी यावर खूप विचार केला. मला वाटतं ज्या बाईच्या अंगाच्या प्रत्येक तासावर मालकाचा, नवऱ्याचा, पोरांचा, जनावरांचा हक्क आहे तिला स्वतःचं म्हणून फक्त अंगावर पाणी घेण्याएवढाच वेळ उरतो, आणि तोसुद्धा लोकांना बघवत नाही. आमच्या वस्तीत बायका अंधार पडल्यावर, बाजेला लुगडं बांधून त्याच्या आडोशाला आंघोळ करायच्या. आई शेवटपर्यंत घाईघाईत, दोन तांब्यात आंघोळ उरकायची, पुढं घरात बाथरूम बांधलं तरी. मी तेव्हा त्याचा अर्थ लावला नव्हता. तो मला या दोन स्वीडिश पुस्तकांनी लावून दिला.

स्टाताऱ्यांच्या बायकांवर धार काढायची सक्ती असायची, ती नवऱ्याच्या करारातच धरलेली. पहाटे अंधारात उठून, परत दुपारी, परत संध्याकाळी, वर्षाचे 365 दिवस, गाई दुसऱ्याच्या, दूध दुसऱ्याचं, आणि घरी पाळण्यात आपलं लेकरू रडतंय. या सक्तीला तिकडे 'पांढरा चाबूक' असं म्हणलं जायचं. पांढरा म्हणजे दुधाचा. हा शब्द वाचला तेव्हा मी पुस्तक बंद करून बाहेर जाऊन बसलो.

मूआबाईंबद्दल थोडं अजून सांगतो कारण त्यांचं आयुष्य माहीत असल्याशिवाय त्यांचं लिहिणं कळत नाही. जन्म 1890 चा, खरं नाव हेल्गा. आई कुमारी, शेतावर आणि कापडगिरणीत राबणारी. हेल्गाचं लग्न एका दगडफोड्याशी झालं, जंगलातलं छोटं घर, पाच मुलगे. 1925 मध्ये त्यातले दोन धाकटे तळ्यात बुडून गेले. काही वर्षांत नवराही गेला. ही बाई कामगारांच्या पेपरात लेख लिहायची, म्हणजे बघा, सुरुवात पेपरात लिहिण्यापासूनच झाली, आणि पहिलं पुस्तक आलं तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. पुरुष समीक्षकांनी तिला रांगडी म्हणलं, पसरट म्हणलं, पण कामगारांच्या घराघरात तिची पुस्तकं गेली. 1936 चं 'आईचं लग्न होतंय' हे पुस्तक लहान मुलीच्या नजरेतून आहे आणि माझ्या मते तेच तिचं सगळ्यात चांगलं, त्यातलं सतत घर बदलणं, नव्या शाळेत नव्या पोरांच्या नजरा, आईची दर वेळची लाज, हे ज्यानं भोगलंय त्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

तिचा दुसरा नवरा हॅरी मार्टिनसन. वयानं तिच्यापेक्षा जवळपास 14 वर्षांनी लहान, जन्म 1904, दक्षिणेकडच्या ब्लेकिंगे भागातला. बाप मेला, आई पोरांना सोडून अमेरिकेला निघून गेली, आणि सहा-सात वर्षांचा हॅरी गावाच्या अंगावर पडला. तेव्हाची पद्धत अशी की अनाथ पोराला सांभाळायला कोण सगळ्यात कमी पैसे मागतो त्याच्या ताब्यात द्यायचं. लिलावच, फक्त उलटा, जास्त बोलीऐवजी कमी बोलीचा. (हे लिलाव कायद्यानं 1918 साली बंद झाले.) तो एका शेतावरून दुसऱ्या शेतावर फिरला, पळून गेला, 16 व्या वर्षाच्या सुमारास जहाजावर चढला, कोळसा टाकायचं काम केलं, अनेक बंदरं बघितली, भारत आणि ब्राझीलसुद्धा, आणि छाती खराब करून परत आला. त्याचं लहानपणावरचं पुस्तक 1935 चं, तिकडे अंगाला लागलं की आग होणारं एक झुडूप असतं त्याला फुलं आलीत असा त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ. त्यात तो पोर दर नव्या घरात किती गोड वागायचा प्रयत्न करतो, म्हणजे आपल्याला ठेवून घेतील म्हणून, ते वाचवत नाही. पोरगं हुशार आहे, त्याला कळतं की गोड वागलं की जरा जास्त जेवायला मिळतं, आणि त्याला त्याचीच लाज वाटते. आश्रमशाळेतली पोरं मी 20 वर्षं जवळून बघितली, त्यामुळे मला हे फार लागलं.

हाच हॅरी 1949 ला स्वीडिश अकॅडमीचा सभासद झाला, साहित्याचं नोबेल कोणाला द्यायचं ते ठरवणारी, जिचं नाव आपण दर ऑक्टोबरला ऐकतो तीच. लिलावात गेलेला पोरगा तिथं. 1956 ला त्यानं 'आनियारा' नावाचं 103 गाण्यांचं काव्य लिहिलं, एक अवकाशयान 8000 माणसं घेऊन उद्ध्वस्त पृथ्वीवरून मंगळाकडे निघालंय, रस्ता चुकतं आणि परत कधीच कुठं पोचणार नाही असं लांब लांब जात राहतं. यानात एक मशीन आहे, मीमा, ती लोकांना पृथ्वीची चित्रं दाखवून धीर देते, आणि एक दिवस पृथ्वीवरचं शहर जळताना बघून ती मशीनच दुःखानं मरते. हायड्रोजन बॉम्बचा तो काळ. लोकांना ते अणुयुद्धाचं काव्य वाटतं आणि ते बरोबरच आहे, पण मला त्यात तो सहा वर्षांचा पोर दिसतो, ज्याला घराबाहेर काढलंय आणि जो कधीच कुठल्या घरी पोचणार नाही.

1974 ला त्याला आणि आयविंद जॉन्सनला मिळून नोबेल मिळालं. जॉन्सन पण असाच, 1900 ला उत्तरेकडे बोडेनजवळ जन्मलेला, चार वर्षांचा असताना नातेवाईकांकडे वाढायला दिलेला, कोवळ्या वयात नदीतून ओंडके वाहून नेणं, वीटभट्टी, लाकूड गिरणी अशी कामं केलेला. दोघंही अकॅडमीचेच सभासद होते त्यामुळे स्वतःच्याच माणसांना बक्षीस दिलं म्हणून पेपरांनी फार झोडपलं. टीका करायला जागा होती हे मी मान्य करतो. पण हॅरीला ती सहन झाली नाही, तो आतून मोडला आणि 1978 मध्ये त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. ज्याला लहानपणी "तू इथला नाहीस" असं घरोघर सांगितलं गेलं त्याला म्हातारपणी परत तेच ऐकावं लागलं, असं मला वाटतं.

परत लू-योहान्सनकडे येतो. त्याची मोठी आत्मकथनात्मक कादंबरी 1933 ची, नाव 'शुभ रात्री, माती', इंग्रजीत 'ब्रेकिंग फ्री'. स्टाताऱ्याचा मुलगा मिकाएल पुस्तकांच्या ओढीनं त्या बराकीतून बाहेर पडतो, आणि बाहेर पडताना मागं राहिलेल्यांचं काय हा प्रश्न त्याला सोडत नाही. मग 1936-37 मध्ये त्यानं स्टाताऱ्यांवर कथाच कथा लिहिल्या, सगळ्या त्या एकाच वर्गावर. नायक एक माणूस नाही, सगळा वर्गच नायक, असं त्याचं धोरण होतं. त्याच्याबरोबर यान फ्रीदेगोर्द नावाचा अजून एक स्टाताऱ्याचाच मुलगा लिहीत होता, आणि या सगळ्यांना मिळून 'स्टातारे स्कूल' असं नाव पडलं. शेवटी शेतमजुरांच्या युनियननं मालकांशी करार करून 1945 च्या ऑक्टोबरअखेर ही पद्धत बंद केली. करार युनियननं केला, पण लोकांचं मत वळवण्यात या कथांचा मोठा हात होता असं स्वीडनमध्ये मानलं जातं. पुढं 1949 च्या सुमारास लू-योहान्सन एका फोटोग्राफरला घेऊन वृद्धाश्रमांमधून फिरला आणि तिथल्या म्हाताऱ्यांच्या हालावर लिहिलं, त्यावरूनही देशभर वाद झाला. घरी सेवा द्या, वृद्धाश्रमात टाकू नका असं त्याचं म्हणणं. हा माणूस 1990 पर्यंत जगला, स्टॉकहोमच्या ज्या छोट्या फ्लॅटमध्ये तो राहायचा तो आता म्युझियम आहे, भाचा तिथं जाऊन आला आणि त्यानं टेबलाचा फोटो पाठवलाय.

मला एक प्रश्न पडला होता की एवढ्या गरिबीत ही पोरं वाचायला शिकली कुठं. त्याचं उत्तर मजेशीर आहे. तिकडे 1686 च्या चर्चच्या कायद्यापासून पाद्री घरोघर किंवा वाडीवाडीत जाऊन परीक्षा घ्यायचा, घरातल्या नोकरमाणसालासुद्धा धर्माचं पुस्तक वाचता येतं का बघायचा आणि वहीत नोंद करायचा. त्यामुळे लिहिता न येणारी पण वाचता येणारी माणसं खूप होती. 1842 ला गावोगाव प्राथमिक शाळा काढायचा कायदा झाला. 1912 मध्ये कामगार चळवळीनं स्वतःची शिक्षणसंस्था काढली, तिच्या अभ्यासमंडळांमध्ये गिरणीतली, शेतातली माणसं संध्याकाळी एकत्र बसून पुस्तकं वाचायची. या सगळ्या लेखकांची युनिव्हर्सिटी ती. आपल्याकडे सत्यशोधक चळवळीनं आणि बाबासाहेबांच्या वसतिगृहांनी जे केलं त्याच्या जवळचं, फरक आहे तो जातीचा, आणि तो फार मोठा आहे, तो मी लपवत नाही. स्टाताऱ्याच्या हातचं पाणी कोणी नाकारत नव्हतं. दादांना मी हे सांगितलं होतं. ते म्हणले, "मंग त्याहिचं बरं होतं."

मोठ्या नावांबद्दल थोडक्यात लिहितो कारण लेखात फक्त तीच होती. स्ट्रिंडबर्ग, स्वीडनचा सगळ्यात मोठा नाटककार, त्याच्या आत्मचरित्राचं नावच 'मोलकरणीचा मुलगा' असं आहे, 1886 चं. त्याला नोबेल कधीच दिलं नाही, म्हणून 1912 ला साध्या लोकांनी वर्गणी काढून 45000 क्रोनर जमवले आणि त्याला दिले, त्यानं त्यातले बरेचसे वाटून टाकले, आणि त्याच्या वाढदिवसाला कामगार मशाली घेऊन त्याच्या घराखालून गेले. त्याच वर्षी मे महिन्यात तो वारला. त्याच्या 'स्वप्ननाटक' या नाटकात आपल्या इंद्राची मुलगी पृथ्वीवर उतरते आणि माणसांचं जगणं बघून पुन्हा पुन्हा म्हणते की माणसांची कीव येते. पुरवणीतल्या लेखात हे नाटक आहे पण इंद्राचा उल्लेखच नाही, मराठी वाचकासाठी लिहिताना हे कसं सुटलं मला कळत नाही.

सेल्मा लागरलोफ गरिबाघरच्या नव्हत्या, हे खरं. वेर्मलांड प्रांतात मोरबाका नावाचा त्यांचा वाडा. पण वडील कर्जात बुडाले, वाडा विकला गेला, आणि ही पायानं अधू असलेली बाई लांडस्क्रूनाच्या मुलींच्या शाळेत दहा वर्षं शिकवत राहिली, शिकवता शिकवता पहिली कादंबरी लिहिली, ती 1891 ला आली. लिखाणाच्या पैशांनी तिनं वाडा परत घेतला आणि 1909 च्या नोबेलच्या पैशातून जमीन. साहित्याचं नोबेल मिळालेली ती पहिली बाई. स्टॉकहोमच्या मेजवानीत तिनं जे भाषण केलं ते मी कितीतरी वेळा वाचलंय: ट्रेनमध्ये बसून ती वारलेल्या वडलांशी मनातल्या मनात बोलते, म्हणते की बाबा मी कर्जात आहे, आणि मग कुणाकुणाचं कर्ज ते सांगते, गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्यांचं, भटक्या गाणाऱ्यांचं, वाचकांचं. वडील कर्जापायी खचलेले बघितलेल्या मुलीनंच असं भाषण करावं. आणि शिक्षक म्हणून सांगतो, तिचं नील्स होल्गरसनचं पुस्तक (1906-07), ज्यात एक खोडकर पोर हंसाच्या पाठीवर बसून सगळा स्वीडन बघतो, ते शिक्षकांच्या संघटनेनं भूगोलाचं पाठ्यपुस्तक म्हणून लिहून घेतलेलं आहे! भूगोलाचं! आपल्या पाठ्यपुस्तकांबद्दल मी इथं काही बोलत नाही, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

राहिल्या खुनाच्या गोष्टी. त्यासुद्धा अशा नाहीत हो. मय् श्योवाल आणि पेर वालो या जोडप्यानं 1965 ते 1975 मध्ये दहा पोलीस कादंबऱ्या लिहिल्या त्या मुळात समाजाची चिरफाड करायलाच लिहिल्या होत्या, खून हे निमित्त. आणि कवी ट्रान्सट्रोमर, 2011 चं नोबेल, ज्याच्यावर लेखात "गूढ, एकांतप्रिय" एवढंच आहे, तो नोकरी काय करायचा? बालगुन्हेगारांच्या तुरुंगात मानसशास्त्रज्ञ. भोपाळच्या वायू दुर्घटनेनंतर तो तिथं येऊन कारखान्याबाहेर भारतीय कवींबरोबर कविता वाचून गेलेला आहे. 1990 मध्ये अर्धांगवायूनं त्याची वाचा आणि उजवा हात गेला तर तो डाव्या हातानं पियानो वाजवायला लागला आणि कविता लिहितच राहिला. याला पोटाची नसेल पण माणसांची चिंता होती ना?

माझं मागणं फार नाही. एक म्हणजे पोटाची चिंता नव्हती ते विधान पुरवणीत दुरुस्त करा, चार ओळीत केलं तरी चालेल. दुसरं, या 'स्टातारे' लेखकांवर दोन-तीन भागांची लेखमाला काढा, आणि ती लिहायला शक्यतो शेतमजुराच्या घरातून आलेल्या कोणालातरी सांगा. बीड, परभणी, यवतमाळमध्ये असे लिहिते हात भरपूर आहेत. तिसरं, तिकडे सार्वजनिक लायब्ररीतून पुस्तक वाचायला नेलं की लेखकांच्या निधीत सरकार पैसे टाकतं आणि त्यातून लेखकाला मिळतात, 1954 पासूनची ही सोय आहे, त्याबद्दल आपल्या ग्रंथालयवाल्यांशी आणि लेखकांशी बोलून एक सविस्तर बातमी करता आली तर बघा. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात वर्गणीदार आहेत, पुस्तकं फाटेपर्यंत वाचली जातात, पण ज्यानं लिहिलं त्याला त्यातून एक रुपया जात नाही.

अजून एक. 'ओन्ली अ मदर'च्या पहिल्या तीन प्रकरणांचं मराठी मी वहीत उतरवून ठेवलंय, इंग्रजीवरून, दादांना वाचून दाखवायला केलं होतं तेव्हाचं, त्यामुळे भाषा आमच्याकडचीच आहे, स्टाताऱ्याला मी सरळ सालगडीच लिहिलंय. लेखकाच्या हक्कांचं बघावं लागेल आणि मूळ स्वीडिशवरून कोणी केलं तर जास्त चांगलं, पुण्यात, मुंबईत किंवा तिकडे राहणाऱ्या मराठी लोकांत स्वीडिश येणारं कोणी असेल तर माझी वही मी त्यांना देऊन टाकीन, नाव नको, पैसे नकोत. दादा गेले त्याला दोन वर्षं झाली. चौथं प्रकरण सुरू करायचं राहिलं. वही झेरॉक्स करून पाठवू का ते कळवा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. हिंगोली